अण्णांचा वजीर आणि माझा ट्रॅकपॅड

मागच्या गुरुवारी दुपारी आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरात अण्णा बुद्धिबळाचा डाव जिंकले... आणि जिंकल्याबरोबर रागाने लॅपटॉप मिटून बसले.

अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, नंतर रहिमतपूरला ऊस केला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी त्यांना सांगलीला माझ्याकडे आणलं. शेत सुटलं याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही, पण निजामचाचांच्या दुकानासमोरचा बुद्धिबळाचा पट सुटला, ते मात्र लागलं.

निजामचाचा त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचं गाद्यांचं दुकान गुरुवारी बंद असतं, म्हणून मी दोघांना गुरुवारचं ऑनलाइन बुद्धिबळ सुरू करून दिलं. चाचा त्यांच्या घरच्या कंप्युटरवर, अण्णा माझ्या लॅपटॉपवर आणि फोन स्पीकरवर... खेळ कमी, टोमणेच जास्त! पण गुरुवारी अण्णा सकाळीच दाढी करून तयार असायचे.

आता माझ्याबद्दल. मी पक्की ट्रॅकपॅडवाली. आजवरची सगळी नोकरी वर्तमानपत्रातच. एसटीत, सभेच्या मांडवात, कुणाच्या तरी ओसरीवर मांडी घालून लॅपटॉप उघडायचा आणि मजकूर वेळेत पाठवायचा... तिथे माउस ठेवणार कुठे? आमच्या घरात माउस नव्हताच. अण्णांनाही मी ट्रॅकपॅडच शिकवला आणि ते शिकले, याचा मला जरा अभिमानही होता.

पण अण्णांची एक सवय आहे. वजीर उचलायचा, तो तसाच हातात धरायचा आणि मग विचार करत बसायचं. उचललेली सोंगटी खेळायचीच, हा दोघांचा जुना नियम. ती ठेवायची कुठे, याला मात्र घाई नाही.

ट्रॅकपॅडला असं धरून बसणं मानवत नाही. बोट सरकत सरकत कडेला येतं, जरासं उचललं जातं... की वजीर तिथेच पडतो. त्या दिवशी तो नेमका चाचांच्या घोड्याच्या तोंडी पडला.

"सुभेदार, वजीर फुकट वाटतोयस व्हय रं?" फोनमधून चाचा.

"बोट सरकलं. मार त्याला."

"आसला वजीर मी न्हाई घेत. चाल मागं घे."

"ठिवली सोंगटी की ठिवली. मार म्हंतो न्हवं!"

"तू मागं घेस्तवर मी हलतच न्हाई, जा!"

मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि हे ऐकून एकटीच हसत होते. दोघेही अडून बसले. चाल चाचांची होती आणि स्क्रीनवरचं त्यांचं घड्याळ चाललंच होतं... भांडणाच्या भरात तिकडे कुणाचं लक्षच नाही. शेवटी चाचांची वेळ संपली, लॅपटॉपने छान धून वाजवली आणि अण्णा जिंकल्याचं जाहीर करून टाकलं!

चाचा तिकडे खो खो हसत सुटले. अण्णा नाही हसले. "आसलं जिंकनं नगं मला. आजपास्नं ह्यो खेळ बंद."

संध्याकाळपर्यंत निवळेल असं मला वाटलं होतं. नाही निवळलं. शुक्रवारी चाचांचा फोन आला, तर झोपलोय म्हणून सांग, अशी अण्णांनी मला समोर बसून खूण केली. मग मात्र माझं हसू गेलं. सांगलीत त्यांचं स्वतःचं असं दुसरं होतं तरी काय? तो एक गुरुवारही गेला, तर...

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात निजामचाचा! रहिमतपूरहून सकाळच्या गाडीने एकटेच आले होते आणि हातातल्या पिशवीत वायर गुंडाळलेला एक माउस. स्वतःच्या कंप्युटरचा काढून आणलेला.

"काय पोरी, सुभेदार उठलाय का अजून झोपलाय?" हे मुद्दाम मोठ्याने, आतपर्यंत ऐकू जाईल असं.

अण्णा बाहेर आले. चाचा सरळ टेबलाशी जाऊन बसले. "ह्ये धर. बटन दाबून ठिव आन बस दिवसभर इचार करत. वजीर जागचा हलायचा न्हाई."

शेजारच्यांकडून बुद्धिबळाचा पट आणते, असं मी म्हटलं. आता दोघे समोरासमोर होते ना! "नगं," चाचा म्हणाले, "भांडान जितं झालं, तितंच मिटवायचं."

मग काय... एकाच लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या, खांद्याला खांदा. चाचांची चाल झाली की माउस अण्णांकडे, अण्णांची झाली की चाचांकडे. अण्णांनी वजीर उचलला आणि धरून ठेवला. चहा निवला, पोहे निवले, वजीर आपला स्क्रीनवर अधांतरी.

"ठिव की आता. म्हातारा झाला त्यो वजीर."

अण्णांनी ठेवला... आणि चाचांच्या हत्तीने तो तिथल्या तिथे उचलला. या वेळी दयामाया काही नाही. मी अण्णांकडे बघत होते.

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "ही चूक माजी! माजी सोताची!" आणि असे हसले, की ऑपरेशननंतर त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलंच नव्हतं. डाव ते हरले. जेवताना मात्र आणखी एक भाकरी मागून घेतली.

मी अजून ट्रॅकपॅडवालीच आहे, ही पोस्टही मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहितेय. पण माउसला आता टेबलावर कायमची जागा दिली आहे. चाचांनी स्वतःसाठी नवा घेतला म्हणे.

चाचांना स्टेशनवर सोडून घरी आले, तर अण्णा माझी वाटच बघत होते. "गुरुवारी तुजं काम कवा आटपतं गं? लॅपटॉप लागंल."

इतकी वर्षं शेवटच्या मिनिटाला मजकूर पाठवणारी मी... लगेच ऑफिसला मेसेज केला, गुरुवारचा लेख बुधवारीच दिला तर चालेल का?