लग्नाच्या फोटोची पाठ

काका दुकानाचं शटर वर ढकलायचे आणि दिवा लावण्याआधी भिंतीवरच्या सगळ्या फ्रेम्स एका बोटाने सरळ करायचे. समोरच्या रस्त्यावरून ट्रक जायचे, भिंत थरथरायची आणि प्रत्येक फ्रेम कुठल्या ना कुठल्या बाजूला कललेली असायची. काका खालच्या कोपऱ्याला तर्जनी लावून ती केसभर उचलायचे, एक पाऊल मागे सरून बघायचे आणि पुढच्या फ्रेमकडे वळायचे. घरून निघताना हेच एकदा करून झालेलं असायचं, बाहेरच्या खोलीतल्या लग्नाच्या फोटोपाशी. तो फोटो कधीच कललेला नसायचा. तरी बोट लागायचंच.

माझे काका फोटोंना फ्रेम करून द्यायचे. बाळाचं पहिलं पाऊल, पदवीचा झगा, नव्या घराचं दार, लोकांचे असे चांगले दिवस गुंडाळीत बांधून त्यांच्या टेबलावर यायचे आणि काचेआड जायचे. आमच्या घरात सुखी माणूस म्हटलं की सगळे काकांकडे बघत. बाबा म्हणायचे, "याला सुखाची व्याधी जडलीय. औषध नाही."

काकूचं सुख मात्र कधीच ठेवल्या जागी सापडायचं नाही. ती आधी बागेतल्या हसण्याच्या वर्गाला गेली, मग श्वास मोजायला शिकली, मग घरात पसारा नको म्हणून बरा असलेला सोफा देऊन टाकला. शेवटी तिने एक वही सुरू केली. रोज रात्री त्या दिवशीच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या.

"तिसरी सापडली का?" काका आडवे होता होता विचारायचे.

"सापडली. काल तुम्ही घोरला नाहीत."

"काल मी जागाच होतो."

"मग खोडते."

काकूला एकदा समुद्र बघायचा होता. दर उन्हाळ्यात ती विषय काढायची. काकांचं उत्तर ठरलेलं, "दुकान कोण बघणार? आणि पाणीच बघायचंय तर बादली भर." आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची. वर्गात शिकलीच होती.

पण तिच्याजवळ एक गोष्ट होती, जी ती चारचौघींत मिरवायची. दर वर्षी लग्नाच्या तारखेला काका तो फोटो भिंतीवरून काढून पिशवीत घालून दुकानात न्यायचे. संध्याकाळी घेऊन यायचे तेव्हा काच लख्ख, पाठीला नवा खाकी कागद, कडेने गोंदपट्टी ताणून बसवलेली. "तुमच्यांना तारीख आठवत नाही," काकू शेजारणींना म्हणायची, "आमचे फोटोला न्हाऊ घालून आणतात." एका वर्षी तर काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मापाची काच मिळाली नाही, रात्री दुकानातच थांबलो, म्हणाले. त्याचंही तिला कौतुकच वाटलं होतं.

काका गेले ते एका मंगळवारी दुपारी, स्टुलावर बसल्या बसल्या. शेजारच्या टपरीतला चावीवाला पट्टी मागायला आला, त्याने दोनदा हाक मारली. तोवर काही उरलं नव्हतं. वय छप्पन्न. आदल्या आठवड्यात जिने चढताना मलाच मागे टाकलं होतं. मला कळवणाऱ्या बाबांना वाक्य पुरं करता येईना आणि मी वेड्यासारखी विचारत राहिले, कोणाचे काका?

आठवड्याने लक्षात आलं की त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो नाही. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काचेत बसवले, स्वतःचा काढून घेतला नाही. काकू म्हणाली, "लग्नाच्या फोटोतून करून घेऊ. तू काढ."

मी फोटो जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवला. खाकी कागद सुरीच्या टोकाने कापला, पकडीने बारीक खिळे उपसले, पुठ्ठा उचलला. पुठ्ठा आणि फोटो यांच्या मध्ये रेल्वेची तिकिटं होती. एकावर एक, कडा जुळवून. मला वाटलं, फोटोला आधार म्हणून रद्दी घातली असेल. मग वाचलं.

एकवीस तिकिटं. सगळी समुद्राकाठच्या एकाच, शेवटच्या स्टेशनची. सगळ्यांवर लग्नाची तारीख, फक्त साल वेगळं. प्रवासी एक. आणि फक्त जाण्याची.

काकूने ती माझ्या हातातून घेतली आणि पत्ते लावावेत तशी टेबलावर मांडली. मांडता मांडता तिची बोटं थांबली. एकाच तिकिटाला तपासनिसाने पाडलेलं भोक होतं आणि त्याला मागून टाचणीने दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट जोडलेलं होतं. ते काच न मिळाल्याचं वर्ष.

तिने उठून गॅस बंद केला. गॅस बंदच होता.

"दर वर्षी," ती म्हणाली. "आणि मी सांगत फिरले."

दुसऱ्या दिवशी ती तिकिटं पदरात बांधून दुकानात निघाली. मी मागोमाग. चावीवाल्याने तिकिटं पाहिली आणि कानस खाली ठेवली.

"वहिनी, मला ठाऊक होतं."

"किती वर्षं?"

"बरीच. सकाळच्या गाडीचं तिकीट काढायचा, फलाटावर बाकावर बसायचा. गाडी सुटली की इकडे येऊन तुमचा फोटो पुसायला घ्यायचा. मी म्हटलं, अरे पैसे वाया घालवतोस, जायचं तर जा. तर म्हणाला, दार उघडं आहे ना एवढं वर्षातून एकदा बघून येतो. मग राहायला बरं वाटतं."

"मी काय कडी लावली होती?"

चावीवाल्याने कानस उचलली आणि तशीच परत ठेवली.

"आणि त्या वर्षी? गेले होते ना?"

"गेला. म्हणाला, पाणी बघितलं, बाकावर रात्र काढली. सोबत पिशवी होतीच."

"कुठली पिशवी?"

"तीच. फोटोची."

काकू स्टुलावर बसली, काका बसायचे त्याच. म्हणाली, "म्हणजे मला घेऊनच गेले. काचेतून." मग आवाज चढला, "मेल्या माणसाने जितीला नेलं असतं तर काय बिघडलं असतं? मी डबा केला असता."

समोरून ट्रक गेला. भिंतीवरच्या फ्रेम्स हलल्या. आठवडाभर कोणी हात लावला नव्हता, सगळ्या कलून बसल्या होत्या. काकू त्यांच्याकडे बघत राहिली.

तो फोटो चार दिवस जेवणाच्या टेबलावर पालथाच पडून होता. भिंतीवर उजळ चौकोन तेवढा राहिला. पाचव्या दिवशी तिने मला खाकी कागद आणायला सांगितला. तिकिटं होती तशीच आत ठेवली. काकांचा वेगळा फोटो करायचं तिने रद्द केलं. गोंदपट्टी मला ताणता आली नाही, सुरकुत्या पडल्या. "राहू दे," ती म्हणाली, "ते असते तर उपटून परत लावली असती." फोटो टांगला. तो डावीकडे कलला. तिने सरळ केला नाही.

मग वही काढली आणि त्या मंगळवारचं पान उघडलं. कोरं होतं. "त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "मी हसण्याच्या वर्गात होते, सगळ्या हसत होत्या, नीट ऐकूही येईना. मी म्हटलं, काय ते पटकन बोला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घरात लिंबं आहेत का गं? नसतील तर येताना आणतो."