नळीतून आलेलं पाणी

स्क्रू अर्धा आत गेला आणि त्याच्या नळीतून पाणी आलं.

आधी वाटलं, एखादा थेंब असेल. पण धार होती. ती माझ्या हातमोज्यावर पडली आणि तिथंच गोठायला लागली.

मी आइस क्लाइंबिंग शिकवते. म्हणजे हिवाळ्यात गोठलेल्या धबधब्यांवर चढायला. दोन्ही हातांत छोट्या कुऱ्हाडी असतात, त्यांना आम्ही टूल म्हणतो. बुटांखाली लोखंडी दाते बांधतो, ते क्रॅम्पॉन. चढताना मधेमधे बर्फात पोकळ स्क्रू फिरवून बसवायचा आणि त्यात दोर अडकवायचा. हात सुटला तर तो स्क्रू आपल्याला धरतो. स्क्रू आत जातो तशी त्याच्या नळीतून बर्फाची कांडी बाहेर येते, खडूसारखी. कांडी अखंड आली तर बर्फ चांगला. पाणी आलं तर समजायचं की आपण भिंतीवर नाही, पडद्यावर आहोत. पडद्यामागे धबधबा अजून वाहतो आहे.

माझ्या खाली, घराच्या ओट्याएवढ्या खडकावर, माझ्याकडे शिकायला आलेले ठवकरभाऊ माझा दोर धरून उभे होते. तो पडदा सुटला असता तर सरळ त्यांच्यावर आला असता. मी तर त्याच्यासोबतच गेले असते.

"काहून थांबल्या वं ताई?" खालून आवाज आला.

टूलच्या मागच्या बाजूने बर्फावर ठोकून पाहिलं. रिकाम्या ड्रमसारखा आवाज आला.

आता थोडं मागे जाऊन सांगते.

मी नागपूरची. वडील वीज केंद्रात होते, त्यामुळे लहानपण खापरखेड्याच्या कॉलनीत गेलं. बर्फ म्हणजे उन्हाळ्यात रसवंतीवर पोत्यात गुंडाळून येणारी लादी, एवढीच माझी ओळख. कॉलेजात कुणाच्या तरी नादाने पहाडात गेले आणि तिथंच अडकले. आता वर्षातले बरेच महिने नागपुरात क्लाइंबिंग वॉलवर शिकवते आणि हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पिती दरीत एका कॅम्पवर असते. आईला ते अजून पटलेलं नाही. फोन लागला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "तिथं काहून मरून राहिली वं? इथं का थंडी नाही पडत?"

पण फोन क्वचित लागतो. हिवाळ्यात ती दरी रिकामी होते. दुकानं बंद, हॉटेलं बंद. ज्यांना जमतं ते खाली निघून जातात. नदी दोन्ही काठांनी गोठत मधे येते आणि तिचा आवाजही बारीक होत जातो. मी कॅम्पशेजारी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहायची. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि मला त्यांची भाषा. त्या चहा पुढे करायच्या, मी हसायची. मग दोघी बुखारीजवळ, म्हणजे खोलीतल्या पत्र्याच्या शेगडीजवळ, बसून राहायचो. क्लायंट असले की दिवस जायचा. नसले की मी कधी कधी भांडी घासताना स्वतःशीच मोठ्याने बोलायची. आपला आवाज ऐकून आपणच दचकायचं, असं व्हायचं.

अशात ठवकरभाऊ आले. पन्नाशी उलटलेले, बुटीबोरीला स्वतःचं वर्कशॉप असलेले. चौघा मित्रांनी मिळून यायचं ठरलं होतं. तिघांनी आयत्या वेळी माघार घेतली, हे एकटेच आले. जीपमधून उतरल्या उतरल्या ड्रायव्हरशी हिंदीत बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं, "बाप्पा, काय थंडी आहे!"

मी म्हटलं, "नागपूरचे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी वर सरकवली. "तुमीबी? इथं? मले तं वाटलं, मॅडम म्हणजे कोणी पहाडातल्याच असतील."

त्यांचा सरावाचा काळ माझ्या त्या हिवाळ्यातला सगळ्यात चांगला काळ. दिवसभर सोप्या बर्फावर पाय कसे मारायचे ते शिकायचे. संध्याकाळी बुखारीजवळ बसून तर्री-पोह्यापासून उड्डाणपुलांपर्यंत सगळ्या गप्पा. मी किती बोलत होते याचं मलाच नवल वाटायचं. ते शिकायलाही चांगले होते. वर्कशॉपचा माणूस, अवजार हातात कसं धरायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. फक्त उंचीवर गेले की एकदम गप्प व्हायचे. मी ते पाहिलं होतं. बहुतेक लोक होतात.

कॅम्पचे मालक नेगीसर. त्यांनी ठवकरभाऊंना शेवटच्या दिवशी मोठा धबधबा कबूल केला होता. तो दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा चढून ओट्यावर यायचं, तिथं खडकात बोल्ट आहेत, त्यांना स्वतःला अडकवायचं. मग मी पुढे जाऊन वरचा टप्पा चढायचा आणि क्लायंटला वर घ्यायचं. ठवकरभाऊंनी वर्कशॉपमधल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माथ्यावरून व्हिडिओ पाठवतो म्हणून.

आदल्या रात्री ढग आले. मैदानी भागात ढगांनी काही बिघडत नाही. तिथं मात्र ढग म्हणजे पांघरूण. रात्र हवी तशी थंड होत नाही, आणि बर्फामागचं पाणी वाढतं. सकाळी मी पायथ्याशी ठोकून पाहिलं, आवाज घट्ट होता. पहिला टप्पाही चांगला गेला. ठवकरभाऊ धापा टाकत, पण छान चढले. ओट्यावर पोहोचल्यावर त्यांनी मला टाळी दिली.

मग मी वर निघाले, आणि नळीतून पाणी आलं.

ठोकून झाल्यावर मी कान बर्फाला लावला. आत पाणी धावत होतं. अगदी जवळ. मग कुठंतरी वर 'ठप्' असा आवाज झाला. मोठा नव्हता. पण तो मला कानापेक्षा हातातल्या टूलमधून जास्त कळला.

कॅम्पवरून नेगीसर दुर्बिणीने पाहत होते. वॉकीटॉकी खरखरला.

"क्या हुआ? रुक क्यूँ गई?"

"सर, पीछे पानी है. मैं नीचे आ रही हूँ."

"अरे, थोड़ा ही तो बचा है. बाएँ से निकल जाओ."

"बाएँ भी वही पर्दा है, सर."

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. "देख लो. वहाँ तुम हो."

खरंच, तिथं मी होते. दुसरं कुणीच नव्हतं. त्या क्षणी मला आणखी एका इन्स्ट्रक्टरची इतकी गरज वाटली. सल्ल्यासाठी नाही. फक्त त्याने शेजारी येऊन तोच बर्फ ठोकावा आणि मान हलवावी, एवढ्यासाठी.

मी तो ओला स्क्रू तिथंच सोडला आणि उलटी उतरायला लागले. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, कारण पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. शिवाय पडद्यावर जोराने पाय मारायचा नव्हता. प्रत्येक पाऊल मी झोपलेल्या माणसाजवळून जावं तसं टाकत होते.

ओट्यावर आले तेव्हा ठवकरभाऊंचा चेहरा बदलला होता.

"काय झालं?"

"भाऊ, वरचा बर्फ सुटा आहे. आपण खाली जाऊ."

"म्हणजे आता नाही जायचं?"

"नाही."

"ताई, मी एवढ्या लांबून आलो. वर्षभर तयारी करून राहिलो मी. दिसते तं पक्का!" त्यांनी वर बोट दाखवलं. बर्फ खरंच सुंदर दिसत होता, निळा, जाड. "नेगीसाहेब म्हणून राहिले थोडंच राहिलं. मी ऐकलं ना माझ्याबी वॉकीटॉकीवर."

"ते खाली आहेत, भाऊ."

"तुमाले भीती वाटली का?"

"हो," मी म्हटलं.

मी त्यांचा दोर बोल्टमधून लावला, गाठी दोनदा तपासल्या आणि त्यांना खाली सोडलं. नंतर मी उतरले. पायथ्यापासून कॅम्पपर्यंत आम्ही नदीकाठाने चालत गेलो. ते पुढे, मी मागे. एकदाही वळून पाहिलं नाही त्यांनी.

संध्याकाळी ते बुखारीजवळ आले नाहीत. नेगीसरांच्या खोलीत जेवले. सकाळी जीप आली तेव्हा मी सामान उचलायला पुढे झाले. ते म्हणाले, "रहने दीजिए मॅडम, मैं कर लूँगा." हिंदीत. माझ्याशी. इतके दिवस आम्ही एकमेकांशी हिंदीचा एक शब्द बोललो नव्हतो. जीप वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले. मग घरी येऊन भांडी घासली.

त्याच दिवशी ढग गेले. कडक थंडी परत आली. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या एका कॅम्पची टीम आली आणि तोच धबधबा माथ्यापर्यंत चढून गेली. त्यांचा गाइड उतरल्यावर माझ्याकडे आला आणि माझा स्क्रू माझ्या हातात ठेवला. "आपका है शायद. बड़ी मुश्किल से निकला. पक्का जम गया था."

मी थँक्यू म्हटलं. मधे थंडी पडली होती, पाणी गोठलं होतं, मी चढले तेव्हा गोष्ट वेगळी होती, हे सगळं सांगता आलं असतं. पण कुणी विचारलं नव्हतं. नेगीसरांनी त्या टीमचे फोटो कॅम्पच्या मोबाइल ग्रुपवर टाकले. ठवकरभाऊ त्या ग्रुपमध्ये होते. धबधबा तसाच उभा राहिला. हिवाळा संपता संपता, दरवर्षी वितळतो तसा हळूहळू वितळला.

मे महिन्यात नागपुरात ते मला भेटायला आले. वॉलच्या बाहेर कूलरसमोर खुर्ची ओढून बसले. पाणी प्यायले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "ताई, खरं सांगा. पडला असता का तो?"

"माहीत नाही, भाऊ."

"असं कसं? तुमाले तं माहीत पाहिजे."

"नाही माहीत. कधीच कळणार नाही. दुसरे चढून आले, ते तुम्ही फोटोत पाहिलंच."

त्यांनी रिकामा ग्लास खुर्चीखाली ठेवला.

"माझे पाय थरथरून राहिले होते त्या ओट्यावर," ते म्हणाले. "तुमी नाही म्हटलं तं मले बरं वाटलं. एवढं बरं वाटलं, की त्याचाच राग आला. तुमच्यावर काढला."

मी म्हटलं, "चहा घेता का?"

"एवढ्या उन्हात?" ते म्हणाले, आणि घेतला.

त्यानंतर ते पहाडात आले नाहीत. मी जाते. आता माझ्या हाताखाली नवे इन्स्ट्रक्टर असतात. स्क्रू कसा लावायचा, आवाज कसा ओळखायचा, हे ते लवकर शिकतात. शेवटी मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगते, जी कोर्समध्ये नसते. क्लायंटला परत फिरवलं, की त्या रात्री तुमच्यासोबत जेवायला कुणी बसणार नाही. आणि तुम्ही बरोबर होतात, हे सांगायला बर्फ येणार नाही. हे आधीच धरून चाला, म्हणजे वर असताना डोकं शांत राहतं.

मुलं हसतात. पहिल्या हिवाळ्यात सगळेच हसतात.