मामांनी टिपलेली मामी

पैसे भरलेल्या माणसाची वायर आमच्या मामांनी कधी कापली नाही. सोलापुरात आमच्या भागातली केबल त्यांच्याकडे होती. थकवणाऱ्यांच्या दारात शिडी लावताना त्यांना दयामाया नसे, पण भरणाऱ्याची तक्रार आली की जेवणावरून उठून जात. "त्यानं पैसं भरल्यात, आपण दाखवायचं. विषय संपला," म्हणत.

पुढे मोबाइलने धंदा खाल्ला आणि मामा घरी बसले. त्याच सुमारास मामी विसरायला लागली. आधी गॅस, मग माणसांची नावं. दुधनीतलं लहानपण मात्र तिला लख्ख आठवे आणि सांगता सांगता ती कानडीत शिरे. मामांनी फोनवर टिपणांचं एक ॲप घेतलं, वर्षाची वर्गणी भरून. मामी बोलायला लागली की यांचं सुरू, "थांब, आदी टिपू दे." तिच्या वडिलांचं मिरचीचं दुकान, तिथे शिंकत पाठ केलेले पाढे, सगळं एका बोटाने टाइप करायचे बिचारे. "वहीतही लिहून ठेवा की मामा," म्हटलं तर माझ्यावरच उखडले, "वही वाळवी खाती. हितं वर्गणी भरतोय की मी!"

मग कंपनीच्या इंग्रजी मेल येऊ लागल्या. ॲप बंद होतंय, आपापली टिपणं काढून घ्या. मामांना वाटलं, पैशाचा तगादा असणार. जन्मभर त्यांनी लोकांमागे तोच तर लावला होता. आपण भरलेत म्हटल्यावर त्यांनी त्या उघडल्याही नाहीत.

एका सकाळी ॲपमध्ये फक्त आभाराची ओळ दिसली. मी कंपनीला लिहिलं. टिपणं पुसली गेली होती. उरलेल्या महिन्यांची वर्गणी तेवढी परत आली. "पैसं कुणी मागितलं हुतं?" म्हणाले आणि मामा ढसाढसा रडले. मला त्या कंपनीचा फार राग आला. अजून येतो.

त्यानंतर ते रोज मामीसमोर बसत. "दुधनीचं सांग की." तिला आता काही आठवत नव्हतं. शेवटी तेच तिला सांगू लागले, अडखळत, आठवेल तेवढं.

परवा मी गेलो तेव्हा गोष्ट चालली होती स्टेशनावर उतरलेल्या पाहुण्यांना मुद्दाम चुकीची वाट दाखवणाऱ्या पोरीची. मामी पदर तोंडाला लावून हसत होती.

"लई गोड पोरगी हाय हो," ती म्हणाली. "एकदा घरी घेऊन या की तिला."

"आणतो," मामा म्हणाले आणि उठून आत गेले.