कपड्यांवरून

इंग्लंडातल्या मेडनहेडच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचं नाटक बसायला लागलं की निम्म्या घरांतला स्वयंपाक बंद. त्या वर्षी मी नोकरी सांभाळून कायदा शिकत होते, म्हणजे नवऱ्याच्या मते डोक्यावर पडले होते. लैंगिक गुन्ह्यांचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. मी तो बसमध्ये वाचायचे आणि माझा स्टॉप चुकायचा.

नाटकातली नायिका माझी मैत्रीण, नागपूरची, सॉफ्टवेअरवाली. एका तालमीत दिग्दर्शकानं विंगेत तिची छाती दाबली. तिनं ते मला कार पार्कमध्ये सांगितलं, तेही चाचरत.

"तसं काही झालं नाही गं. कपड्यांवरून होतं. रेप थोडीच आहे? पोलीस हसतील मला."

माझा संताप झाला, आणि खोटं कशाला बोलू, अंगात वीजही संचारली. हे मला पाठ होतं!

"रेप वेगळा. त्यात पेनिट्रेशन लागतं," मी हातवारे करत सुटले. "हा सेक्शुअल असॉल्ट. मुद्दाम केलेला सेक्शुअल टच, तुझा कन्सेंट नाही, आणि तू हो म्हणालीस असं वाटायला त्याच्याकडे काही रीझनेबल कारण नाही. बास! कपड्यांवरून केला तरी टच तो टचच, कायद्यातच लिहिलंय. शिक्षा रेपइतकी नाही, पण दहा वर्षांपर्यंत जेल होऊ शकते."

"म्हणजे मी ओव्हररिअ‍ॅक्ट नाही करत आहे?"

"अजिबात नाही!"

ती हसली, पण पोलिसांत जायला धजेना. तेवढ्यात बातमी काकूंपर्यंत पोचली. काकू म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा, आमच्यातल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं त्यांनीच काढलेली. त्यांनी तोडगा काढला.

"रविवारी त्याला राखी बांध. भाऊ झाला की विषय संपला. भलतंसलतं झालं असतं तर गोष्ट वेगळी होती."

हा उपाय फक्त आपल्याच लोकांना सुचू शकतो! आणि मैत्रीण चक्क हो म्हणाली. मी तिच्याशी कडाकडा भांडले.

रविवारी हॉलमध्ये दिग्दर्शक डोक्यावर रुमाल टाकून, मनगट पुढे करून खुर्चीत बसला. मैत्रिणीनं निरांजनाचं तबक उचललं. पुढे झाली, थांबली, आणि तबक शेजारच्या टेबलावर ठेवलं.

"काकू, मला नागपूरला सख्खा भाऊ आहे. मी पोलिसांत चाललेय."

मी शिट्टीच मारणार होते. दिग्दर्शकाच्या डोक्यावर रुमाल तसाच.

पोलीस ठाण्यात कुणी हसलं नाही. तिथल्या तरुण पोलीसबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दॅट इज सेक्शुअल असॉल्ट. वी विल टेक युअर स्टेटमेंट." मैत्रिणीनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली. मला नाचावंसं वाटत होतं.

नाटक बारगळलं. मंडळातल्या बायका टेस्कोच्या दुकानात आम्हाला बघून दुसऱ्या रांगेत वळू लागल्या. त्यात एके सकाळी दारात काकू. आता झाडणार, म्हणून मी पदर खोचल्यासारखी उभी राहिले. त्यांनी कोटही काढला नाही.

"जुनं असलं तर चालतं का गं?"

"काय जुनं?"

"त्याचंच. माझ्या घरी, माझ्या ओट्यापाशी." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "हे गेले त्या वर्षी."

"चालतं, काकू! या गुन्ह्याला इथे मुदत नसते!" मी ओरडलेच, आणि हाताला लागले ते बूट पायात चढवले.