पेचकस कानाला लावून

आमच्या ह्यांच्या कानावर अख्ख्या गावाचा भरवसा. गाव आमचं गंगापूरकडचं. कुणाचा ट्रॅक्टर खडखडला, कुणाची पिकअप गुरगुरली, की आधी आमच्या अंगणात. हे लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचे, टोक यंत्राला टेकवायचे, मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. मेकॅनिककडं जायचं का नाय, ते ह्यांनी सांगितल्यावरच ठरायचं. चहा करकरून माझा जीव जायचा, पण खरं सांगते, मला लई मान वाटायचा.

आणि आमचीच पिकअप वाजायला लागली. मोसंबी भरून शहरातल्या मार्केटला निघालो की मागनं बारीक 'ऊंऽऽ'. ॲक्सिलेटर दाबला की चढायचं, सोडला की गप्प.

"अहो, मागं वाजतंय काहीतरी."

"रस्ता वाजतोय."

पुढं रस्ता गुळगुळीत झाला, तरी ऊंऽऽ. परत म्हटलं, तर म्हणाले, "तू मोसंबी सांभाळ. गाडी मला कळती."

असा राग आला! दिराला विचारलं, तर तो म्हणाला, "दादा नाय म्हणतोय ना? मग नाय." मलाच भास होतोय की काय, असं वाटायला लागलं.

शेवटी वाळूजच्या पुढं गाडीनं मागनं असे धक्के मारले की मोसंबीच्या पाट्या एकमेकींवर आदळल्या. धक्के मात्र ह्यांना कळले. गाडी हळूहळू शहरातल्या उस्तादांच्या गॅरेजला नेली. उस्ताद म्हातारे, ह्यांचे जुने दोस्त. त्यांनी मागची चाकं लोखंडी घोड्यांवर उचलून अधांतरी घेतली आणि गाडी गिअरात टाकून फिरवली. दोन चाकांच्या मधी लोखंडी गोळा असतो ना, हौसिंग म्हणतात त्याला, त्याच्यातले दाते इंजिनाचा जोर चाकांना देतात. त्यातनं असं रडं निघालं, की शेजारचा चहावाला वाकून बघायला लागला.

उस्तादांनी पेचकस मानानं ह्यांच्याच हातात दिला. "भाई, तुम्हीच सांगा."

ह्यांनी टोक हौसिंगला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ.

"मक्खन," म्हणाले. "कसलाच आवाज नाय."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे एकटी गाडी बिघडली नव्हती.

उस्ताद भला माणूस. गाडी बंद करून खाली ट्रे ठेवला आणि तेल सोडलं. काळ्या तेलात लोखंडाचा चकचकीत चुरा. ह्यांनी तो चिमटीत घेऊन चोळला.

"हे एका दिवसाचं नाय."

"नाय भाई. लई दिवसांपासून ओरडत असंल."

हे तिथंच टायरवर बसले. मला म्हणाले, "तू सांगत व्हतीस."

"व्हय."

टोमणे किती तयार ठेवले होते मी! एकही निघाला नाही. तोंड असं उतरलं होतं माणसाचं, की मला रडू यायला लागलं.

नवे दाते बसवून परत निघालो तेव्हा क्रांती चौकाच्या गर्दीतनं बाहेर पडेपर्यंत हे ॲक्सिलेटर दाबून-सोडून बघत होते. मग म्हणाले, "आता वाजतंय का?"

"नाय वाजत."

"गावात बोलू नको. अंगणात कुणी फिरकायचं नाय."

"माझ्या तोंडून नाय जायचं," मी म्हटलं. एवढंच तर होतं ह्यांचं, ते अंगण.

नंतर एका सकाळी गल्लीतला एकजण पिकअप घेऊन आलाच. मागनं आवाज येतोय म्हणे. मी चुलीपासनं उठून दारात आले, हातातलं पीठ हातातच. आता हे 'मक्खन' म्हणतात आणि त्याची गाडी वाटेत बसते, ह्या भीतीनं मला दारातनं हलवेना.

ह्यांनी मागची चाकं घोड्यांवर उचलली, त्याला गाडी गिअरात फिरवायला लावली आणि पेचकस घेतला. गाडीखाली वाकले. वाकलेले तसेच थांबले, आणि मला हाक मारली.

"इकडं ये." मग गाडीवाल्याकडं वळले. "मला बारीक ऐकू येत नाय आता. हिला येतं."

चार माणसांदेखत म्हणाले. मी पिठाचे हात पदराला पुसले, पेचकस कानाला लावला आणि जसं ऐकू आलं तसं सांगितलं: ॲक्सिलेटर दाबला की चढतंय, सोडला की थांबतंय.

"हौसिंग खोल," हे त्याला म्हणाले.

तो माझ्याकडं बघेना, ह्यांच्याकडंच बघत होता. बघू दे. चहा त्या दिवशी ह्यांनी केला.