मंगलाचा डावा घोटा

माझ्या नवऱ्यावर मला पहिल्यांदा संशय आला तो एका डाव्या पायामुळे. पाय बाईचा होता आणि प्लास्टरचा होता.

माळ्यावरून पापडांचा डबा काढायला गेले, तर हातात आली पाच बोटं! मी अशी किंचाळले की शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूम क्षणभर थांबल्या असाव्यात. पाय पोटरीपर्यंतचा, पांढराशुभ्र आणि सुबक. (माझ्या पायापेक्षा सुबक. तेवढं मी किंचाळता किंचाळताच बघून घेतलं.) तळव्याला चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर ह्यांचंच : ‘मंगला. डावा. फार नाजूक. धरून ठेवायचं, पण हलू द्यायचं. आवळलं की अडते, सैल सोडलं की लचकते.’

अठरा वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं!

पाय पदराखाली घेऊन मी सासूबाईंकडे गेले.

“कुणाचा गं हा?”

“मंगलाचा.”

“कोण मंगला?”

“ते तुमच्या मुलाला विचारा.”

“विचारायचं नाही! विचारलं की पुरुष सावध होतात. पाळत ठेव.”

(सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या. प्रकरण गंभीर आहे हे मला तेव्हाच कळलं.)

हे कामतघर भागातल्या कारखान्यांत लूम दुरुस्त करायचे. त्या सुमारास घरात नुकताच मोबाइल आला होता. संध्याकाळी बरोबर सहाला त्यावर एक मिस कॉल यायचा, की हे धुतलेला शर्ट चढवून तयार!

“कुठे निघालात?”

“ड्युटी.”

“शिफ्ट तर संपली ना?”

“एक लूम अडलीय.”

लूमसाठी कुणी पावडर लावून जातं? मी खिसे तपासले. इलॅस्टिकची पट्टी, गुलाबी फोमचा तुकडा आणि माझ्याच छत्रीच्या दोन काड्या. इलॅस्टिक आणि गुलाबी रंग मला समजला. (समजला आणि झोंबलाही.) छत्रीच्या काड्यांचं मात्र काही केल्या जुळेना.

शनिवारी ह्यांची सायकल निघाली आणि मागून मी नि सासूबाई रिक्षाने.

“भैया, वो सायकल के पीछे लो.”

“आगे निकाल लूँ?”

“नहीं! पीछे ही रहना!”

“मॅडम, इससे धीरे चलाया तो गाडी बंद पडेगी!”

सायकल थांबली ती बॅगा शिवणाऱ्या सलीमभाईंच्या गाळ्यासमोर. हे आत गेले. आमची रिक्षा रखडत रखडत दारासमोर आली तेव्हा मी बघितलं : खुर्चीवर एक तरुण मुलगी, पुढ्यात जमिनीवर हे, आणि तिचा पाय ह्यांच्या मांडीवर!

“आता कसं वाटतंय, मंगला?”

“ठीक आहे, सर.”

रिक्षा थांबायच्या आत मी उडी मारली. एक पाय रस्त्यावर पडला, दुसरा गटाराच्या काठावर. घोट्यात ‘कट्’ झालं आणि मी आडवी! पण पडल्या पडल्याच ओरडले, “सोडा तिचा पाय!”

सगळे बाहेर धावले. सलीमभाई कात्री घेऊन, हे इलॅस्टिक घेऊन, मुलगी लंगडत आणि तिच्यामागून खांद्यावर टॉवेल टाकलेला एक धिप्पाड गृहस्थ.

“बाई, माजी पोरगी हाय ती. मी बाप हाय तिचा!”

मग उलगडा झाला. दिघाशी गावच्या मुलींना हे गुपचूप कबड्डी शिकवत होते. मंगलाचा घोटा तीनदा मुरगळला होता. जिल्ह्याची निवड दहा दिवसांवर, आणि बाप म्हणत होता, “चौथ्यान्दा पाय मोरला तं खेल बंद!” दुकानातल्या पट्ट्याने पाय लाकडासारखा होई, वळताच येईना. म्हणून तिच्या पायाचा प्लास्टरचा नमुना करून हे स्वतःच पट्टा बनवत होते : घोटा आडवा कलंडू नये, पण पाऊल पुढेमागे वाकावं. शिवण सलीमभाईंची, आणि सहाचा मिस कॉलही त्यांचाच.

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू शपथ घातली होतीस. पुन्हा काही बनवायचं नाही म्हणून.”

(घातली होती. ह्यांनी मिक्सरची मोटर पाळण्याला जोडली, त्या दिवशी.)

एव्हाना माझा घोटा टम्म सुजला होता. डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि चार दिवस पाय टेकू दिला नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी माझ्या मापाचा पट्टा आणला.

“इथे काडी टोचतेय,” मी म्हणाले. ह्यांनी काड्या काढून फुटक्या बादलीच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या घातल्या. “जिना चढता येत नाही.” ह्यांनी पुढची बाजू कापली. “आता उतरताना आत वळतोय!” ह्यांनी पट्टा टाचेखालून फुलीसारखा फिरवला.

“कमाल आहे,” हे खुशीत म्हणाले, “मंगला सगळ्याला ‘ठीक आहे, सर’च म्हणते. मला असाच कुरकुर करणारा पाय हवा होता!”

तोच पट्टा मंगलाच्या मापाने शिवला. निवडीच्या दिवशी तिने गर्रकन वळून एका चढाईत दोघींना बाद केलं आणि चालत, न लंगडता परत आली. बाप मैदानावरच रडला. मीही रडले. (मला अजून टोचत होतं.)

मंगला जिल्ह्याच्या संघात गेली आणि पुढच्या रविवारी सगळा संघच आमच्या घरी आला. प्रत्येकीला पट्टा हवा होता. बारा तरुण मुली ओळीने बसल्या, हे एकेकीचा पाय मांडीवर घेऊ लागले, आणि मी शेजारी मापं लिहीत बजावत होते, “अहो, लाजताय काय? जरा नीट धरा ना!”