सापडत आलेला बिघाड

त्याला सगळे इंजिनियर म्हणत. होता तो विमा कचेरीतला कारकून, पण कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा फोन बंद पडला की बोलावणं यालाच, आणि हाही भरल्या ताटावरून उठून जायचा. असा जावई शोधून सापडणार नाही, असं सासूबाई ज्याला त्याला सांगायच्या. साळसूद माणसं सासूंना फार आवडतात.

घरात बुटांच्या कपाटावर त्याने एक जुना संगणक लिनक्स ही फुकटची प्रणाली घालून बसवला होता. बायको त्याला डबा म्हणायची. घरातल्या फोनने, लॅपटॉपने, टीव्हीने कुठल्याही साइटचं नाव आधी या डब्याला सांगायचं, मग डब्याने तिचा खरा, आकडी पत्ता सांगायचा. सांगितला तर साइट उघडणार, नाहीतर बसा हात चोळत. कचेरीत त्याला कुत्रं विचारत नव्हतं; इथे पान हलायचं ते त्याला विचारून.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर बायकोने पुन्हा नोकरी शोधायला घेतली. इतकी वर्षं घरात काढलेल्या बाईला कुणी दारात उभं करत नाही. शेवटी एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, तीही घरबसल्या, कंपनीच्याच साइटवर, सकाळी अकराला. ती हरखून गेली. “छानच झालं,” तो म्हणाला, आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. ही चार माणसांत वावरायला लागली तर याला कोण विचारणार? तिची पाठ वळताच त्याने डब्यातल्या एका फाइलमध्ये त्या साइटचं नाव लिहिलं आणि त्यापुढे असा पत्ता टाकला, जिथे काहीच नाही. केसाने गळा कापायला एवढी एक ओळ पुरते.

मुलाखतीच्या दिवशी त्याने अर्धी रजाही काढली. ऐन वेळी काही अडलं तर, म्हणून.

इस्त्रीचा कुडता घालून ती लॅपटॉपसमोर बसली. साइट उघडेना.

“अहो, बाकी सगळं उघडतंय, मग हेच कसं उघडत नाही?”

प्रश्न अगदी नेमका होता. “म्हणूनच तर अवघड आहे,” म्हणत त्याने बाह्या सरसावल्या.

राउटर बंद करून चालू केला. डबा बंद करून चालू केला. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत साइटचा आकडी पत्ता टाकून हाक दिली, तिकडून उत्तर आलं. नावाने दिली, काही नाही. “बघ, लाइन ठीक आहे. नुसता नावाचा पत्ता लागत नाहीये.” हे खरंच होतं. लबाड माणूस खरं बोलायला लागला की त्याला पकडणं कठीण.

“मी पलीकडच्या वहिनींकडे जाऊन बसते.” तिने लॅपटॉप उचलला.

“थांब थांब, सापडलं!”

ती बसली. सापडलं काहीच नव्हतं.

“मग फोनवरून करते ना, त्यात सिमचं वेगळं नेट आहे.”

“एवढ्याशा फोनवर मुलाखत? काय म्हणतील ते? दोन मिनिटं दे मला.”

ती उठायच्या बेतात आली की दर वेळी त्याला काहीतरी सापडायचं. सरळ नाही म्हणाला असता तर ती केव्हाच निघून गेली असती, आणि हे त्या नीच माणसाला पुरतं ठाऊक होतं.

मग त्याने ती फाइलसुद्धा उघडली, तिच्या डोळ्यांदेखत. ओळ समोरच होती. पण ती ओळीकडे बघतच नव्हती. बिचारी त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने सावकाश फाइल बंद केली.

अकरा वाजून गेले. बऱ्याच वेळाने ती डोळे पुसायला आत गेली, तशी त्याने ओळ खोडली आणि ओरडला, “झालं बघ!” साइट उघडली होती. मुलाखतीची वेळ संपल्याचं तिच्यावर लिहून आलं होतं.

आतून तिचा फोनवरचा आवाज येत होता. रडत, अजिजी करत ती कंपनीतल्या कुठल्याशा बाईंशी बोलत होती. मग धावत बाहेर आली.

“अहो, उद्या परत घेणार आहेत! पण ही शेवटची संधी म्हणाल्या.”

त्याचं तोंड उतरलं. तिला वाटलं, माणूस दमला.

“मी वहिनींकडूनच करणार होते. पण तिथे काही बिघडलं तर बघणार कोण? आज किती जीव तोडून केलंत तुम्ही.” तिने त्याचा हात हातात घेतला. “उद्याही रजा घ्याल? तुम्ही जवळ बसलात की मला भीती नाही.”

“घेतो की,” तो म्हणाला.